सुट्या संचांतून सिंथेसायझरची उभारणी

नादाची तीन लक्षणे आपल्या संगीतशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकांत सांगितलेली असतात: उच्चनीचता, लहानमोठेपणा आणि जात. षड्जापेक्षा पंचम उंच, ही पहिल्या लक्षणाची गोष्ट होय. तोच षड्ज हळू किंवा मोठ्याने लावता येतो, ही दुसऱ्याची. पडद्याआडून ऐकूनही हा षड्ज सारंगीचा, तो बासरीचा, असे आपण ओळखतो ते तिसऱ्यामुळे. नेहमीच्या वाद्यांत ही तिन्ही लक्षणे एकमेकांत गुंतलेली असतात. बासरीत फुंक जोराने मारली की आवाज मोठा होतो, पण त्याबरोबर स्वरही थोडा चढतो आणि त्याची जातही पालटते. वादकाचे कौशल्य पुष्कळ अंशी हा गुंता सांभाळण्यातच असते.

प्रस्तुत पुस्तिकेत ज्या यंत्राचा विचार करावयाचा आहे, त्यात हा गुंता हेतुपूर्वक सोडविलेला आहे. उच्चनीचता एका पेटीच्या स्वाधीन, लहानमोठेपणा दुसऱ्या पेटीच्या, आणि जात तिसऱ्या पेटीच्या. या पेट्या तारांनी एकमेकींस जोडावयाच्या, आणि जोडणी बदलली की वाद्यच बदलते. अशा यंत्रास घटकबद्ध सिंथेसायझर म्हणतात. त्यातील प्रत्येक पेटीला आपण 'घटक' म्हणू. हे घटक तयार विकत मिळतात, तसेच सुट्या भागांच्या संचाच्या रूपातही मिळतात. एक मुद्रित पाटी, एक धातूची दर्शनी पट्टी आणि पुडीत बांधलेले रोधक, धारित्रे, ट्रान्झिस्टर इत्यादी भाग एवढे या संचात असते. ते जागच्या जागी बसवून डाखावयाचे आणि घटक तयार करावयाचा. महिन्या दोन महिन्यांस एक घटक या गतीने शाळेतील विज्ञानमंडळ वर्षभरात एक लहानसे पण पूर्ण वाद्य उभे करू शकते. एवढेच नव्हे, तर ते बिघडल्यास स्वतः दुरुस्तही करू शकते. वाद्य एकदम विकत घेण्यापेक्षा ते क्रमाक्रमाने बांधण्यात खरा लाभ आहे तो हाच.

दाबाने चालणारे वाद्य

या पेट्यांना जोडणारे सूत्र म्हणजे विद्युत्‌दाब. आंदोलक नावाची पेटी ध्वनिलहर उत्पन्न करते. तिची कंपनसंख्या किती असावी हे हाताने खुंटी फिरवून ठरविता येते, तसेच बाहेरून दिलेल्या दाबानेही ठरविता येते. दाब वाढला की स्वर चढतो, उतरला की उतरतो. हीच गोष्ट गाळकाची आणि वर्धकाचीही. अर्थात जेथे जेथे मनुष्याचा हात खुंटी फिरवू शकतो, तेथे तेथे दुसरी एखादी पेटी आपला दाब पाठवून तेच काम करू शकते, आणि ते हातापेक्षा कितीतरी जलद व अचूक.

दाबाने स्वर हुकमात ठेवण्याची कल्पना कॅनडातील ह्यू ल केन यांनी आपल्या वाद्यात १९४५ नंतरच्या वर्षांतच योजिली होती. परंतु तिला आज दिसते ते रूप मिळाले ते अमेरिकेत, १९६३-६४ च्या सुमारास. पश्चिम किनाऱ्यावर सॅन फ्रॅन्सिस्को येथे डॉन बुकला आणि पूर्वेकडे न्यूयॉर्क राज्यात रॉबर्ट मूग हे दोघे एकाच वेळी, परंतु स्वतंत्रपणे, याच मार्गास लागले. बुकला यांनी पियानोसारखी पट्टी मुद्दाम टाळली. मूग यांनी संगीतकार हर्बर्ट डॉइच यांच्या सल्ल्याने ती स्वीकारली आणि १९६४ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क येथील ध्वनि-अभियंत्यांच्या अधिवेशनात आपले घटक मांडले. मूग यांच्या पद्धतीत एक व्होल्ट दाब वाढला की स्वर नेमका एक सप्तक चढतो. हा 'सप्तकास एक व्होल्ट' असा संकेत पुढे बहुतेकांनी उचलला.

येथे एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. मूग हे स्वतः संचांच्याच परंपरेतून आलेले होते. शाळकरी वयात त्यांनी थेरेमिन हे हात न लावता वाजवावयाचे विद्युत्‌वाद्य बांधले होते, आणि १९६१ मध्ये एका मासिकात ट्रान्झिस्टरच्या थेरेमिनवर लेख लिहून ते त्याचे सुटे संच टपालाने विकू लागले. त्यानंतरच्या काळात ओक्लाहोमा सिटी येथे जॉन सायमन्टन यांच्या 'पाया' या उद्योगाने सिंथेसायझरचे संच सामान्य विद्यार्थ्याच्या आटोक्यात आणले. कॅलिफोर्नियात सर्ज चेरेप्निन यांनी १९७० च्या दशकाच्या पूर्वार्धात असे घटक आखले, की जे त्यांचे विद्यार्थी व मित्र स्वतः बसून डाखीत. १९९५-९६ मध्ये जर्मनीत म्यूनिकजवळ डीटर डोप्फर यांनी लहान मापाच्या घटकांची मालिका काढली. तिची मापे इतर शेकडो निर्मात्यांनी स्वीकारल्यामुळे आज एका देशातील संच दुसऱ्या देशातील पेटीत विनासायास बसतो. पट्टीची उंची १२८.५ मिलिमीटर, रुंदी ५.०८ मिलिमीटरच्या पटीत, वीजपुरवठा अधिक १२ व उणे १२ व्होल्ट, आणि जोडतारांना ३.५ मिलिमीटरचे प्लग: एवढी माहिती असली की सुताराकडून लाकडी पेटीही करून घेता येते. ८४ एककांची एक ओळ सुमारे ४२७ मिलिमीटर रुंद होते आणि ती आरंभास भरपूर आहे.

आपल्या देशाचा या इतिहासाशी संबंध नाही असे कोणी समजू नये. अमदाबाद येथील राष्ट्रीय अभिकल्प संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग यांचा मोठा घटकबद्ध सिंथेसायझर बसविण्यात आला. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा आणि जिनराज जोशीपुरा यांनी १९७२ पर्यंत त्यावर केलेली ध्वनिमुद्रणे संस्थेच्या संग्रहात पुष्कळ वर्षे पडून होती. पॉल पुरगस या ब्रिटिश संशोधकाने ती उजेडात आणली, आणि २०२३ मध्ये ती प्रसिद्ध झाली. ग्रंथालयांनी ती मागवून श्रोत्यांस ऐकवावीत. तबला, तानपुरा, सतार यांच्या देशातील कानांनी या यंत्राकडून काय काढून घेतले, हे त्यात ऐकू येते.

आरंभ कोठे करावा

उत्साही मनुष्य प्रथम आंदोलकाचाच संच मागवितो, आणि तोही सर्वांत गुंतागुंतीचा. हे चुकीचे आहे असे आमचे स्पष्ट मत आहे. आंदोलकात अचूकतेची कसोटी लागते, आणि ज्याने पूर्वी कधी डाख दिलेला नाही त्याने तेथे हात घालू नये.

पहिला प्रयोग संचावाचूनच करावा. सीडी ४०१०६ या क्रमांकाचे संकलित मंडल, ज्यास बाजारात सर्रास आयसी म्हणतात, ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, पुण्याच्या बुधवार पेठेत, बंगळूरच्या एस. पी. रोडवर किंवा दिल्लीच्या लाजपतराय मार्केटात अल्प मोलात मिळते. त्यात सहा उलटकारक असतात. उलटकारक म्हणजे आत येणारा दाब उच्च असेल तर बाहेर नीच, आणि नीच असेल तर उच्च दाब देणारे मंडल. त्यांपैकी एकाच्या बाहेरच्या टोकापासून आतल्या टोकापर्यंत एक लाख ओहमचा रोधक जोडावा, आणि आतल्या टोकापासून भूमीपर्यंत ०.१ मायक्रोफॅरडचे धारित्र. ९ व्होल्टची बॅटरी लावताच धारित्र रोधकातून भरू लागते. एका ठराविक दाबास ते पोचले की उलटकारक पालटतो आणि ते रिकामे होऊ लागते. खालच्या ठराविक दाबास आले की पुन्हा भरू लागते. असे दर सेकंदास सुमारे शंभर ते दीडशे वेळा घडते. नक्की आकडा त्या त्या आयसीवर अवलंबून राहतो. हा दाब फार मोठा असल्याने तो कानयंत्रास थेट न देता खुंटीने पुष्कळ कमी करून लहान ध्वनिवर्धकास द्यावा. एक रोधक, एक धारित्र आणि एक चिमुकला आयसी यांतून भरीव, थोडासा कर्कश स्वर निघतो, तेव्हा मुलांच्या चेहऱ्यांवर जे दिसते ते पाठ्यपुस्तकातील आकृतीने साधत नाही.

आता स्थिर रोधकाच्या जागी दहा लाख ओहमचा फिरता रोधक लावून पाहावा. खुंटी फिरविली की स्वर चढतो उतरतो खरा. पण एका बाजूच्या अर्ध्या फेऱ्यात जेमतेम एक सप्तक मिळते आणि दुसऱ्या टोकाशी केसभर हलविले तरी स्वर दोन-दोन सप्तके उडी घेतो. कारण उघड आहे. रोधक निम्मा केला की कंपनसंख्या दुप्पट होते, आणि कानाला दुप्पट कंपनसंख्या म्हणजे एकच सप्तक भासते. शेवटच्या टोकाशी रोधक पुनःपुन्हा निम्मा होण्यास खुंटी किंचितच फिरवावी लागते. कानाचा हिशेब गुणाकाराचा, खुंटीचा बेरजेचा. या दोहोंचा मेळ घालणे ही आंदोलक बांधणाऱ्याची मुख्य अडचण होय. तिच्याकडे आपण पुढे वळू.

या प्रयोगानंतरचा पहिला संच अगदी साधा असावा. तीन-चार जॅक एकत्र जोडून एकच दाब अनेक पेट्यांस वाटणारा 'वाटप-घटक', किंवा दाब कमी करणाऱ्या दोन-चार खुंट्यांचा घटक. यांस वीज लागत नाही, त्यामुळे जळण्यासारखे काही नसते. आणि डाख देण्याचा सराव होतो. हे घटक क्षुल्लक दिसतात म्हणून दुकानाच्या यादीत त्यांच्याकडे कोणी पाहत नाही. वाद्य पुरे झाल्यावर मात्र सर्वांत जास्त उणीव भासते ती यांचीच.

वीजपुरवठा

घरातील वीज २३० व्होल्टची असते आणि ती प्राणघातक आहे. विद्यार्थ्यांनी तिच्याशी संबंध येईल असा कोणताही संच बांधू नये, हा नियम येथे अपवादावाचून पाळावा. बंद, प्रमाणित अडॅप्टर विकत घ्यावा आणि त्याच्या कमी दाबाच्या बाजूपासून पुढेच आपले काम सुरू करावे. १२ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब देणाऱ्या अडॅप्टरपासून अधिक व उणे १२ व्होल्टचे दोन स्थिर दाब काढण्याचे संच मिळतात. त्यांत ७८१२ आणि ७९१२ हे दोन नियंत्रक असतात. दोघे दिसावयास जुळे भाऊ, पण त्यांचे पाय वेगळ्या क्रमाने असतात. ७८१२ चा मधला पाय भूमीचा, तर ७९१२ चा मधला पाय आत येणाऱ्या दाबाचा. त्यांच्या पाठीवरील धातूच्या पट्ट्या त्या त्या मधल्या पायालाच आतून जोडलेल्या असतात. म्हणून दोघांना उष्णता घालविण्यासाठी एकाच पत्र्यावर अभ्रकाच्या चकतीवाचून बसविले, तर मंडल तत्काळ शॉर्ट होते.

पुरवठा किती प्रवाह देऊ शकतो आणि प्रत्येक घटक किती घेतो यांचा जमाखर्च वहीत ठेवावा. उदाहरणार्थ, आंदोलक ४० मिलिअँपिअर, गाळक ३०, वर्धक २०, चढउतारजनक २०, मंद आंदोलक २०, अशी बेरीज १३० होते. पुरवठ्याच्या सामर्थ्याचा तिसरा हिस्सा नेहमी शिल्लक असावा. अधिक बाजू आणि उणे बाजू यांचे हिशेब वेगळे मांडावेत, कारण ते क्वचितच सारखे असतात.

घटकास वीज पोचविणाऱ्या पट्टीसारख्या तारेच्या एका कडेस तांबडी रेघ असते. प्रचलित संकेतानुसार ती उणे १२ व्होल्टची बाजू. मराठी माणसास, किंबहुना कोणासही, तांबडा रंग 'अधिक' वाटतो. येथे तसे नाही. दहा टोकांची पट्टी उलटी बसली तर अधिकाच्या जागी उणे आणि उण्याच्या जागी अधिक दाब जातो आणि आयसी क्षणार्धात निकामी होतात. चांगल्या संचात यासाठी पुरवठ्याच्या दोन्ही वाटांवर एकेक डायोड असतो. तो उलट प्रवाह अडवितो. संच निवडताना हे डायोड आहेत की नाहीत ते आधी पाहावे. काही आण्यांच्या डायोडची काटकसर करणाऱ्या निर्मात्याने इतरत्रही काटकसर केलेली असण्याचा संभव असतो.

डाखकाम आणि तपासणी

कथील व शिसे यांच्या नेहमीच्या मिश्रणाचा डाख १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान वितळतो; शिसेविरहित डाखास २२० अंशांपर्यंत जावे लागते. कावियाचे टोक साडेतीनशे अंशांच्या सुमारास असावे. टोक पाटीवरील कडीस आणि भागाच्या पायास एकाच वेळी टेकवून दोन सेकंद थांबावे, मग डाखाची तार कावियाला नव्हे तर तापलेल्या सांध्याला लावावी. चांगला सांधा डोंगराच्या उतारासारखा, अंतर्वक्र आणि चकचकीत दिसतो. वाईट सांधा मण्यासारखा गोल आणि पांढुरका. मण्यासारखा सांधा आज चालतो आणि चार महिन्यांनी, बहुधा कार्यक्रमाच्या दिवशी, दगा देतो. धूर श्वासात जाऊ देऊ नये, खिडकी उघडी ठेवावी, आणि शिशाचा डाख वापरला असल्यास खाण्यापूर्वी हात धुवावेत.

ठेंगणे भाग आधी, उंच भाग नंतर, हा क्रम ठेवावा: रोधक व डायोड, मग आयसींची घरे, चकतीची धारित्रे, ट्रान्झिस्टर, आणि अखेरीस नळकांडीसारखी विद्युत्‌रासायनिक धारित्रे. या शेवटच्यांना अधिक-उणे असते. डायोडची रेघ आणि आयसीची खाच यांचीही दिशा पाटीवरील चित्राशी जुळवावी. चकतीच्या धारित्रावर '१०४' असे छापलेले असल्यास त्याचा अर्थ दहावर चार शून्ये इतके पिकोफॅरड, म्हणजेच ०.१ मायक्रोफॅरड. रोधकांचे रंग दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात फसवितात. तांबडा व नारिंगी यांत घोटाळा होतो. म्हणून प्रत्येक रोधक मीटरने मोजूनच बसवावा. हे काम कंटाळवाणे आहे. पण वर्गातील ज्या मुलाला गणितात रस नाही त्यालाही दहाव्या रोधकानंतर ओहमचा नियम आपोआप कळू लागतो. जॅक आणि खुंट्या प्रथम दर्शनी पट्टीत घट्ट बसवून मगच डाखाव्यात, नाहीतर त्या वाकड्या राहतात आणि पट्टी बसत नाही.

आयसी घरांत बसविण्यापूर्वी वीज देऊन पाहावी. टीएल ०७२ हा दुहेरी वर्धक जवळजवळ प्रत्येक संचात असतो. त्याच्या आठव्या पायाच्या जागी अधिक १२ आणि चौथ्याच्या जागी उणे १२ व्होल्ट मीटरवर दिसले पाहिजेत. दिसल्यास वीज बंद करून आयसी बसवावा. न दिसल्यास शोध घ्यावा. दहांतील आठ वेळा दोष एखाद्या विसरलेल्या सांध्यात किंवा दोन शेजारच्या सांध्यांना जोडणाऱ्या डाखाच्या केसासारख्या धाग्यात सापडतो, हे भिंगातून पाहिले की दिसून येते.

आंदोलक आणि तपमान

आता खुंटी आणि कान यांच्या हिशेबाचा प्रश्न. बेरजेचा गुणाकार करून देणारी वस्तू निसर्गात तयार आहे, ती म्हणजे ट्रान्झिस्टर. त्याच्या पाया आणि उत्सर्जक यांमधील दाब सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढविला की त्यातून जाणारा प्रवाह दुप्पट होतो. आणखी १८ ने वाढविला की चौपट. म्हणून बाहेरून येणाऱ्या एका व्होल्टचे रोधकांच्या साहाय्याने १८ मिलिव्होल्ट करून ट्रान्झिस्टरला दिले, आणि त्या प्रवाहाने आंदोलकाचे धारित्र भरविले, की व्होल्टमागे एक सप्तक हा संकेत साधतो.

पण हे १८ मिलिव्होल्ट तपमानाशी बांधलेले आहेत. नेहमीच्या हवेत दर अंशास ते सुमारे ०.३३ टक्क्यांनी बदलतात. ही टक्केवारी क्षुल्लक वाटते. तिचा परिणाम तसा नाही. मूळ स्वरापासून तीन सप्तके वर वाजविताना एका अंशाच्या फरकाने स्वर अर्धस्वराच्या सुमारे आठव्या हिश्श्याइतका ढळतो, आणि सकाळच्या व दुपारच्या हवेत दहा अंशांचा फरक पडला तर एका पूर्ण अर्धस्वरापेक्षा जास्त. विदर्भातील किंवा राजस्थानातील एप्रिलमध्ये हा प्रश्न कागदावरचा राहत नाही. सकाळी जुळविलेले दोन आंदोलक दुपारी एकमेकांशी भांडू लागतात.

यावर दोन उपाय एकत्र योजितात. एकाच घडणीचे दोन ट्रान्झिस्टर शेजारी चिकटवून ठेवतात, म्हणजे एकाचा ढळण्याचा एक भाग दुसरा रद्द करतो. उरलेला भाग रद्द करण्यासाठी तपमानाबरोबर त्याच प्रमाणात, म्हणजे अंशास सुमारे ०.३३ टक्क्यांनी, वाढणारा खास रोधक वापरतात व तो त्या ट्रान्झिस्टरांना टेकवून बसवितात. संचात हा रोधक वेगळ्या पुडीत असतो, आणि अजाण माणूस त्याच्या जागी साधा रोधक बसवून मोकळा होतो. अमेरिकेतील डग कर्टिस यांनी १९८० च्या सुमारास सीईएम ३३४० या एकाच आयसीत ही सर्व व्यवस्था बसविली. त्यावरून घडविलेले तत्सम आयसी आज मिळतात. शाळेसाठी याच आयसीवरचा संच घ्यावा असे आम्ही सुचवू. सुट्या ट्रान्झिस्टरांचा आंदोलक दुसऱ्या वर्षी, तत्त्व समजून घेण्यासाठी बांधावा.

जुळवणीपूर्वी अर्धा तास वीज चालू ठेवावी. मग एका व्होल्टने भिन्न असे दोन दाब आळीपाळीने देऊन मधल्या बारीक पेचाने स्वरांतील अंतर नेमके एक सप्तक करावे. मोजण्याचे यंत्र नसल्यास दुसरा आंदोलक खालच्या षड्जावर स्थिर ठेवून दोन्ही एकत्र ऐकावेत. तारषड्ज किंचितही ढळलेला असला तर आवाज लाटांसारखा वरखाली होतो. या लाटा संथ होत होत थांबल्या की जुळले. तानपुरा लावणाऱ्यास हे शिकवावे लागत नाही.

दाबाचा हा हिशेब आपल्या संगीताच्या दृष्टीने विशेष उपयोगी आहे. पियानोच्या पट्टीवर सप्तकाचे बारा सारखे भाग असतात, म्हणजे प्रत्येकी ८३.३ मिलिव्होल्ट. त्या हिशेबाने पंचम ५८३ मिलिव्होल्टवर येतो. षड्जाशी तीनास दोन या प्रमाणातील शुद्ध पंचम ५८५ वर. फरक नगण्य आहे. गांधाराचे मात्र तसे नाही. पियानोचा गांधार ३३३ मिलिव्होल्टवर, आणि पाचास चार या प्रमाणातील, तानपुऱ्यातून आपोआप ऐकू येणारा गांधार ३२२ वर. हा अकरा मिलिव्होल्टचा फरक अर्धस्वराचा सुमारे सातवा हिस्सा आहे, आणि तो तयार कानास खटकतो. पेटीवर गाणाऱ्याची जी तक्रार असते तिचे हे मोजमाप होय. घटकबद्ध वाद्यात पट्टीऐवजी दाबाच्या खुंट्यांची ओळ वापरल्यास प्रत्येक स्वर आपल्या मनाजोगा ठेवता येतो.

गाळक, वर्धक आणि चढउतार

आंदोलकातून निघणाऱ्या लहरीचा आकार तिची जात ठरवितो. करवतीच्या दात्यांसारख्या लहरीत मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सर्व कंपनसंख्यांचे उपस्वर असतात, आणि त्यांचे बळ अनुक्रमे निम्मे, तृतीयांश, चतुर्थांश असे घटत जाते. चौकोनी लहरीत फक्त विषम पटींचे असतात, म्हणून ती पोकळ, थोडीशी क्लॅरिनेटसारखी वाटते. उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत असले की कान त्यांना एकच स्वर मानतो. चर्मवाद्यांचे उपस्वर सामान्यतः तसे नसतात. मात्र मृदंग व तबला यांच्या शाईमुळे ते पूर्ण पटींच्या जवळ आणले जातात, हे सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२० मध्ये दाखवून दिले होते.

गाळकाचे काम यांतील वरचे उपस्वर कापण्याचे. मूग यांच्या प्रसिद्ध गाळकात ट्रान्झिस्टरांच्या जोड्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या एकावर एक रचलेल्या असून प्रत्येक पायरीवर धारित्र असते. चार पायऱ्यांमुळे मर्यादेच्या वर दर सप्तकास ध्वनी २४ डेसिबेलने घटतो. बाहेर आलेला ध्वनी थोडा उलट आत सोडला की मर्यादेजवळचे उपस्वर उठून दिसतात. तो अधिक सोडला तर गाळक स्वतःच गाऊ लागतो. हा संच बांधावयास आंदोलकापेक्षा सोपा आणि ऐकावयास अधिक रंजक असतो.

वर्धकाकडे नवशिके दुर्लक्ष करतात, कारण त्याला स्वतःचा असा आवाज नाही. वस्तुतः दोन वर्धक आधी बांधावेत आणि दुसरा आंदोलक मागाहून. एलएम १३७०० या एकाच आयसीत असे दोन वर्धक बसतात. वर्धकास हुकूम देतो तो चढउतारजनक. धारित्र रोधकातून भरताना आणि रिकामे होताना जो दाब वळणे घेतो, तोच तो बाहेर देतो. दहा मायक्रोफॅरडचे धारित्र आणि एक लाख ओहमचा रोधक घेतले तर एका सेकंदात दाब अंतिम मूल्याच्या ६३ टक्क्यांपर्यंत चढतो. चढण तात्काळ आणि उतार लांब ठेवला की तार छेडल्याचा भास होतो. चढण सावकाश ठेवली की गजाचा. तोच दाब वाटप-घटकातून गाळकासही दिला, तर स्वर विरताना त्याची जातही मऊ होत जाते, जसे खऱ्या तारेत घडते.

एक सूचना येथे द्यावयास हवी. या यंत्रातील ध्वनिलहर सुमारे दहा व्होल्टची असते, घरातील ध्वनिवर्धकास एका व्होल्टच्या आसपास पुरते. बाहेर जाणाऱ्या शेवटच्या तारेवर दाब कमी करणारा घटक असल्यावाचून ती कोणत्याही यंत्रास किंवा कानयंत्रास जोडू नये. यात लाउडस्पीकरइतकाच श्रवणशक्तीचाही प्रश्न आहे, आणि लाउडस्पीकर नवा आणता येतो.

पुढील वाढ

एवढे झाले की मंद आंदोलक घ्यावा. तो दर सेकंदास वीस कंपनांपासून दहा सेकंदांस एका कंपनापर्यंत चालतो आणि स्वतः ऐकू येत नाही. पण त्याचा दाब आंदोलकास अत्यल्प प्रमाणात दिला की स्वर डोलू लागतो. प्रमाण खुंटीने ठरवावयाचे, आणि त्यासाठीच तो आरंभीचा साधा घटक कामास येतो. पाच-सहा ध्वनी एकत्र करणारा मिश्रक, मग दुसरा आंदोलक, मग दाबांची ओळ देणारा क्रमकारक, असा पुढचा क्रम सोयीचा पडतो. प्रत्येक नव्या घटकापूर्वी आहेत त्या घटकांच्या निदान वीस निरनिराळ्या जोडण्या करून त्या वहीत रेखाटाव्यात. तीन घटकांतून किती वाटा निघतात हे त्यावाचून कळत नाही.

दुसरा आंदोलक तयार झाल्यावर पहिला षड्जावर आणि दुसरा ५८५ मिलिव्होल्ट वर, पंचमावर, ठेवावा. दोघांची करवती लहर एकाच गाळकातून न्यावी, गाळकाची मर्यादा मंद आंदोलकाने हळूहळू वरखाली करावी, आणि लाटा थांबेपर्यंत बारीक पेच फिरवीत ऐकत राहावे.